तळ्यापलीकडची हॅन

माझ्या आईचं एका गाण्याशी वैर होतं. गाणं तसं साधंच, संथ चालीचा टँगो. आमच्याकडच्या तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपांत ते कित्येक उन्हाळे वाजलं, त्यावर जोड्या जमल्या, लग्नं झाली, पोरं झाली. रेडिओवर लागलं की लोक चमचा खाली ठेवून ऐकायचे. आमच्या घरी मात्र आई उठायची आणि रेडिओ बंद करायची. कारण ते गाणं माझ्या वडिलांनी लिहिलं होतं, आणि ते आईवर नव्हतं.

आता आईवर नव्हतं हे कशावरून, तर एका शब्दावरून. आमच्या फिनिश भाषेत तो आणि ती असं वेगळं काही नाही. दोघांना मिळून एकच शब्द, हॅन. तोही पुस्तकातला, प्रवचनातला, सणासुदीचा. रोजच्या बोलण्यात आम्ही माणसाला सरळ ‘से’ म्हणतो, म्हणजे ‘ते’. से आलं, से जेवलं, से झोपलं. मग ते पंतप्रधान असो की नवरा. यात कुणाला अपमान वाटत नाही. माझ्या आईला वाटायचा.

बाबांनी, म्हणजे ताइस्तोंनी, उभ्या जन्मात आईला हॅन म्हटलं नाही. शेजाऱ्याला सांगायचे, “विचारतो घरात. से कुठे गेलंय कोण जाणे.” आणि गाण्यात मात्र ओळीआड हॅन! हॅनची पावलं, हॅनची बट, हॅनचा श्वास. लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी हे गाणं तबकडीवर आलं. आईने एकदाच विचारलं, “ही हॅन कोण?” बाबा पक्के सावोचे. आमच्या सावो भागातल्या माणसाला सरळ प्रश्न विचारा, तो उत्तर नक्की देतो, फक्त ते कोणत्या प्रश्नाचं हे तुम्ही शोधायचं. बाबा म्हणाले, “आता काय सांगावं, असतं एकेक.” आणि लाकडं फोडायला गेले.

आईने पुन्हा विचारलं नाही. तिला गरजच उरली नाही, कारण गावातल्या कुणीतरी मोठ्या कौतुकाने तिला सांगितलं होतं की लग्नाआधीच्या हिवाळ्यात ताइस्तो दर रविवारी गोठलेलं तळं पायी ओलांडून पलीकडे जायचा. पलीकडे घर एकच होतं. त्या घरात मुलगी एकच होती. केर्तू. पुढे ती आमच्या गावच्या पोस्टात खिडकीवर बसू लागली आणि तिने लग्न केलं नाही. एवढं आईला पुरेसं होतं. आमच्या घरची पत्रं, नाताळची शुभेच्छापत्रंसुद्धा, आई सायकल मारत शेजारच्या गावी जाऊन टाकायची. लहानपणी मला वाटायचं तिथलं पोस्ट चांगलं आहे.

बाबा गेले तेव्हा गाण्याच्या शब्दांवरचा हक्क आईकडे आला. म्हणजे कुणाला शब्दांत फेरफार करून गायचं असेल तर आईची परवानगी घ्यायची. सहा वर्षं कुणी विचारलं नाही. मग त्या ऑक्टोबरात मिनेया आली.

मिनेया म्हणजे हेलसिंकीची पॉप गायिका. तुमच्या मुलांना विचारा, त्यांना ठाऊक असेल. मी गावात केस कापते, माझ्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या पोरी तिच्यासारखे केस मागतात. तिने जुन्या नाचगाण्यांची एक रेकॉर्ड करायला घेतली होती. बाकीची गाणी झाली होती, आमचं तेवढं राहिलं होतं. फोनवर काम भागलं असतं, पण आईने फोनवर नुसतं “बघू” म्हटलं, आणि सावोच्या बाईचं ‘बघू’ म्हणजे काय हे कुणीतरी त्या पोरीला समजावलं असावं. ती स्वतः गाडी हाकत आली. सोबत एक लांबुडकं, आखूड पायांचं कुत्रं होतं. त्याचं नाव नाक्की, म्हणजे सॉसेज. नाव अगदी शोभत होतं.

आईने कॉफी ठेवली. आमच्याकडे वैऱ्यालाही कॉफी मिळते. वेलचीचा गोड पाव मांडला, कुत्र्याकडे नाक मुरडून बघितलं आणि तरीही त्याच्यासाठी चुलीजवळ चिंध्यांची सतरंजी टाकली.

“हिल्काबाई,” मिनेया म्हणाली, “आधी ऐका तरी. मी कच्चं करून आणलंय. फक्त एक शब्द बदललाय.”

तिने फोन टेबलावर ठेवला. मी आईकडे बघत होते. आई खिडकीबाहेर बघत होती. बाजाशिवाय, ढोलाशिवाय, नुसत्या पियानोवर ती पोर गात होती, आणि खरं सांगते, चांगलं गात होती. पण जिथे जिथे हॅन होतं तिथे तिथे तिने ‘से’ घातलं होतं. आपण स्वयंपाकघरात बोलतो तसं.

दुसऱ्या कडव्यावर आई उभी राहिली.

“बंद कर ते.”

मिनेयाने बंद केलं. “आवडलं नाही?”

“नाही म्हणजे नाही. शब्द बदलायचा नाही.”

“आई,” मी म्हटलं, “तिचं म्हणणं तरी ऐकून घे.”

“तू गप्प बस, मेर्वी.” मग ती त्या पोरीकडे वळली. तिचा आवाज वाढला नव्हता, पण हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. “हे बघ पोरी. माझा नवरा मला ‘से’ म्हणायचा. जन्मभर. आणि हे गाणं ज्या बाईवर लिहिलं तिला हॅन म्हणायचा. तू ‘से’ गायलीस की हे गाणं माझ्यावर आहे असं होईल. ते माझ्यावर नाही. जे माझं नाही ते मला नको. मी दुसरी पसंती होते. दुसऱ्या पसंतीचा संसारसुद्धा चांगला होतो, माझा झाला. पण गाण्यात खोटं नको.”

मी माझ्या आईच्या तोंडून ‘दुसरी पसंती’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले. इतकी वर्षं मी या वैराची टिंगल करत आले होते, केर्तूच्या नावाने आईला चिडवत आले होते. ते तिच्या आत इतकं खोल गेलंय हे मला माहीत नव्हतं. आणि मनातून मलाही वाटत होतं की ते खरंच असणार.

मिनेया लाल झाली. “मला हे माहीत नव्हतं. माफ करा. मी बदललं ते वेगळ्याच कारणाने. हॅन गायला लागले की मला हसू यायचं.”

“हसू?” आई म्हणाली.

“म्हणजे, माझ्या वयाचं कोण माणसाला हॅन म्हणतं? मी तर फक्त याला म्हणते.” आणि सवयीने ती खाली वाकली, सतरंजीवरच्या त्या सॉसेजला म्हणाली, “काय हो, हॅनला भूक लागली का? हॅनला पाव हवाय का आजीच्या हातचा?”

यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे सगळे असंच करतात. माणसाला ते, आणि कुत्र्या-मांजराला अगदी अदबीने हॅन. महाराज उठले का, महाराजांना दूध हवं का, तशातलं. इतकं रोजचं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

आई मात्र हळूच खुर्चीत बसली.

“मेर्वी,” ती म्हणाली, “तुझे बाबा मांजराला काय म्हणायचे?”

“हॅन,” मी म्हटलं. “हॅनला उन्हात बसायचंय, दार उघड.”

“आणि गाईंना?”

“गाईंनासुद्धा.”

मिनेया माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे.

“पहिली ओळ म्हण,” आई मिनेयाला म्हणाली. “गाऊ नकोस. नुसती म्हण.”

“‘हॅनच्या पावलांमागे माझी पावलं, बर्फावर, घर दिसेपर्यंत.’”

“तुझे बाबा कधी कुणा बाईच्या मागून चाललेत?” आईने मला विचारलं. “चर्चला जाताना मला त्यांची फक्त पाठ दिसायची. पुढची म्हण.”

“‘कपाळावरची बट वाऱ्यात, कात्री न लागलेली.’”

इथे मला राहवेना. शेवटी धंदा आहे माझा. “आई, केर्तूच्या कपाळावर कधी बट होती का? ती तर केस असे ओढून अंबाडा घालायची की भुवया वर जायच्या.”

“मला वाटायचं त्याच्यासाठी सोडत असेल,” आई म्हणाली. “पुढे.”

“‘हॅनने मान टाकली माझ्या खांद्यावर.’”

“केर्तू एवढीशी आहे,” मी म्हटलं. “बाबांच्या खांद्यावर मान टाकायची तर स्टूल लागलं असतं.”

मिनेयाने तोंडावर हात धरला होता. पुढची ओळ तिने बोटांआडून म्हटली. “‘घामेजल्या पाठीवर माझा कोट.’”

“देवा रे,” आई म्हणाली. “या ओळीवर मी किती रात्री रडलेय.”

आणि मग तिनेच तो शब्द उच्चारला. घोडी. बाबा लग्नाआधी जंगलातून लाकडं ओढून आणायचं काम करायचे, हिवाळाभर, घोडी जुंपून. मग ट्रॅक्टर आले. आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा तबेला रिकामा होता, त्यात सायकली ठेवल्या होत्या. घोडी होती, लीनू नावाची, एवढंच तिला माहीत. विकली, एवढंच बाबांनी सांगितलं. कुणाला, ते नाही. आणि आईने विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची परंपरा मोठी आहे.

“शेवटचं कडवं,” मी म्हटलं.

“‘माझ्याच हातानं सोडलं हॅनला, तळ्यापलीकडे, परक्या दारी.’”

तळ्यापलीकडे घर एकच होतं.

आईने माझा फोन माझ्यापुढे सरकवला. “केर्तूला लाव.”

“तू लाव की.”

“मी तिच्याशी बोलत नाही.”

केर्तू आता ईसाल्मीला वृद्धांच्या घरकुलात असते. तिथे मी महिन्यातून एकदा केस कापायला जाते, त्यामुळे तिचा नंबर होता. आईला हे ठाऊक नव्हतं, आणि तो क्षण सांगण्याचा नव्हता. मी फोन लावून आवाज मोठा केला.

“केर्तूबाई, मेर्वी बोलतेय. ताइस्तोची मेर्वी.”

“केस वाढले नाहीत अजून माझे,” पलीकडून आवाज आला.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. “केसांचं नाही. एक जुनी गोष्ट विचारायची होती. आमची घोडी, लीनू, कोणी विकत घेतली होती, माहीत आहे?”

“आता बाई, घोड्यांचं काय, येतात, जातात.”

“केर्तूबाई, सरळ सांगा हो. आईचा जीव अडकलाय त्यात.”

मग केर्तू म्हणाली, “आमच्या वडिलांनी घेतली. आणखी कोण घेणार? आणि तुझा बाप दर रविवारी यायचा तिला भेटायला. खिशात राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा घेऊन. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं माझ्यासाठी आलाय. मी चांगला झगा घालून दारात उभी. तर हा पठ्ठ्या टोपी काढून मला विचारतो, ‘हॅन कशी आहे? हॅन खाते ना नीट?’ आणि सरळ तबेल्यात. तासभर त्या घोडीशी गप्पा. माझ्याशी धड नमस्कारही नाही. अख्खा हिवाळा मी तो झगा घातला, मेर्वी, आणि तबेल्याच्या दाराशी गारठले. घोडी वसंतात गेली, म्हातारीच होती. त्यानंतर तो आला नाही. मग गाणं आलं, तेव्हा मी खूप हसले. सगळं गाव बायका शोधत होतं.”

“तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

“मला कुणी विचारलं?”

माझा जीव भांड्यात पडला. वडील गेल्यावर सहा वर्षांनी ते मला शाबूत परत मिळाले होते. मिनेया कुत्र्याला कवटाळून रडत-हसत होती, आणि कुत्र्याने ती संधी साधून टेबलावरचा पाव पळवला होता.

आईने फोन हातात घेतला.

“केर्तू. मी हिल्का.”

“ओळखलं आवाजावरून. तिकिटं हवीत का?”

आई एकदम हसली. बाबांच्या माघारी इतकं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. “उशीर झालाय तिकिटांना,” ती म्हणाली. “मी तुला फार वाईट वागवलं, केर्तू. तुझ्यावर राग धरला. काही कारण नसताना.”

“हो, ते दिसायचं. पावसातसुद्धा सायकल हाकत जायचीस. मला वाटायचं, या बाईला व्यायामाची फार आवड.” आणि मग तिनेच म्हटलं, “कॉफीला ये. इथली कॉफी पाणचट असते, तुझी आण.”

फोन ठेवल्यावर आई बराच वेळ बोटाने टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिली. मला वाटलं आता दुसरंच दुखणं सुरू होणार. बाई नव्हती हे ठीक, पण घोडीवर गाणं आणि बायकोवर एक ओळ नाही, हे काय कमी आहे? मिनेयालाही तेच वाटलं असावं, कारण ती फार हळू म्हणाली, “तुमच्यावर काही लिहिलं नाही का त्यांनी?”

“माझ्यावर?” आई म्हणाली. “माझ्यावर गाणं लिहायला मी कुठे गेले होते? मी तर घरातच होते.”

असं म्हणून तिने सगळ्यांना पुन्हा कॉफी ओतली. परवानगी तिने दिली, पण एक अट घातली. हॅनच गायचं. “महाराणी होती ती,” आई म्हणाली. “तिला ‘से’ म्हणायचं नाही.” मिनेया म्हणाली, आता मला हसू येणार नाही. आणि वर तिनेच आईला आमंत्रण दिलं, की रेकॉर्डिंगला या, कुओपिओला, पुढच्याच आठवड्यात.

मी आईला गाडीने घेऊन गेले. आधी वाटेत ईसाल्मीला थांबून केर्तूकडे थर्मास भरून कॉफी द्यावी लागली. स्टुडिओत काचेच्या अलीकडे आम्ही दोघी आणि यंत्रांशी बसलेला एक शांत माणूस, पलीकडे मिनेया आणि तिचा पियानोवाला. आजकाल गाणं कसं करतात हे आईला माहीत नव्हतं. पोर एक ओळ गायची, थांबायची, तीच ओळ पुन्हा, मग दुसरी. तो माणूस चांगले तुकडे निवडून जोडत होता.

“हे गाणं आहे की गोधडी?” आईने मला विचारलं, कुजबुजत, पण त्या माणसाला ऐकू जाईल असं.

“आई, सगळे असंच करतात.”

“ताइस्तोने एका दमात लिहिलं असेल. एका दमात गा म्हणावं तिला.”

त्या माणसाने निमूटपणे मिनेयाला सांगितलं. तिने मान डोलावली, पाण्याचा घोट घेतला, आणि पहिल्यापासून सुरू केलं. सुंदर गात होती. पण आईचा चेहरा काही सुटेना. दुसऱ्या कडव्याच्या आधीच ती पुढे वाकली आणि विचारल्याशिवाय बोलायचं बटण दाबलं.

“पोरी, पळतेस कुठे? दिवसभर लाकडं ओढलीत तिने. बर्फ निसरडा आहे. आणि मागून तो चालतोय, तो काय तिला घाई करणार आहे?”

काचेपलीकडे मिनेयाने डोळे मिटले. मग तिने पियानोवाल्याला हाताने खूण केली आणि पुन्हा सुरू केलं, इतकं हळू की प्रत्येक हॅनला टेकायला जागा मिळत होती. नाचाच्या मंडपात असं कुणी गायलं असतं तर जोड्या जागेवरच उभ्या राहिल्या असत्या. बट आली, खांदा आला, घामेजली पाठ आली. आई मान हलवत होती, बरोबर, बरोबर, असं.

आणि शेवटचं कडवं आलं. माझ्याच हातानं सोडलं हॅनला. इतकी वर्षं या ओळीवर आई स्वतःसाठी रडत आली होती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळं होतं. ती पुढे बघत होती, काचेतून, मिनेयाच्याही पलीकडे.

“ताइस्तो,” ती म्हणाली, “किती जड गेलं असेल रे तुला. मला सांगायचं होतंस.”

गाणं संपलं. यंत्रांशी बसलेल्या माणसाने वळून विचारलं, हे ठेवू का. मी आईकडे बघितलं. ती नाक पुसत होती.

“ठेव,” आई म्हणाली. “हे बरोबर आहे.”